कस्टम मोटर यॉट बांधून घ्यायचीय? आधी काय ठरवायचं, पैसे कशावर घालायचे आणि काय सोडून द्यायचं

यॉट बांधून घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी चित्रं घेऊन बसतात, बो (पुढचं टोक) किती सरळ पाहिजे, खिडक्या केवढ्या, वरच्या डेकवर जाकुझी कुठे, आणि डिझायनरही तेच आधी दाखवतो कारण माणूस भुलतो तो चित्रालाच. माझं म्हणणं सरळ आहे, चित्र सगळ्यात शेवटी. आधी बोट कुठे फिरणार, वर्षातले किती दिवस नांगरावर उभी राहणार, किती माणसं झोपणार, एका दमात किती लांब जाणार हे आकड्यांत लिहून काढा, आणि मग हातातले पैसे वेगावर न घालता पल्ल्यावर आणि शांततेवर घाला. मी नव्या बोटींच्या कामात मालकाच्या बाजूने बसतो, यार्डाच्या नाही, त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने लिहिलंय.

उदाहरण म्हणून ४० मीटरची, स्टीलचा हल (बोटीचं खालचं धड) आणि वर अ‍ॅल्युमिनियमची बांधणी, ५०० जीटीच्या (जीटी म्हणजे बंद जागेचं घनफळ, त्याबद्दल पुढे) आतली, हॉलंडच्या एखाद्या यार्डात बांधलेली बोट धरूया. या साइजला जवळजवळ सगळे प्रश्न एकदम समोर येतात, आणि ज्यांना २५ मीटरची हवीय किंवा ६० ची, त्यांनाही हिशोब कसा करायचा ते कळेल.

वापराचा कागद

दोन-तीन पानं पुरतात. त्यात लिहायचं की बोट कुठल्या समुद्रात राहणार, सगळ्यात लांबचा टप्पा कोणता, पाहुणे किती, क्रू किती, नांगरावर किती रात्री आणि मरीनात किती, चार्टरला (भाड्याने) देणार का नुसती स्वतःसाठी, टेंडर (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी बोट) किती मोठा लागणार. लांबच्या टप्प्याचा अंदाज हवा असेल तर कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासपासून सेंट लुशिया साधारण २,७०० सागरी मैल आहे, सुएझपासून मुंबई साधारण ३,०००. म्हणजे ४,००० मैलांचा पल्ला मागितला की अटलांटिकही होतो, अरबी समुद्रही होतो आणि वर हवामान टाळायला वळसा घ्यायला जागाही राहते.

हा कागद लिहिताना एक गोष्ट आपोआप लक्षात येते, मोटर यॉट बहुतेक वेळ उभीच असते. कुणी मरीनात, कुणी नांगरावर, पण उभी. मग रात्रंदिवस जे चालतं ते म्हणजे जनरेटर, एसी, पंप, आणि जो त्रास होतो तो रोलिंगचा, म्हणजे बोट डावी-उजवीकडे डोलण्याचा. टॉप स्पीड वर्षातून काही तास लागतो, आणि त्या काही तासांसाठी आख्खी बोट वेगळ्या पद्धतीने बांधावी लागते, हे पैसे मोजायच्या आधी नीट समजून घ्या.

ज्यांची बोट आपल्याकडे येणार आहे त्यांनी अजून एक ओळ मोठ्या अक्षरात लिहा, समुद्राच्या पाण्याचं तापमान. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये ३० अंशांपर्यंत तापतो, आणि एसीचा चिलर, इंजिनाचे कूलर सगळे त्याच पाण्यावर थंड होतात. स्पेसिफिकेशनमध्ये समुद्र ३२ अंश आणि बाहेरची हवा ४० अंश, दमट, असं धरून एसी मोजायला सांगा. मुंबईत गेटवेसमोर बोटी मूरिंगवर उभ्या असतात, किनाऱ्याची वीज मिळत नाही, तिथे जनरेटर चोवीस तास चालणार, आणि पाहुणे चढणार-उतरणार ते टेंडरमधून, त्यामुळे बाजूची शिडी आणि मागचा प्लॅटफॉर्म हलत्या पाण्यात वापरता येईल असाच पाहिजे. गोव्याच्या नद्यांत शिरायचं असेल तर ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बसते) बघा, मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बार पावसाळ्यात भरतो. बहामाजला जायचं असेल तरी हाच प्रश्न, तिथे उथळ पाणी भरपूर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतल्या जलमार्गावरचे कायमचे पूल बहुतेक ६५ फुटांचे आहेत आणि मायामीतला ज्युलिया टटल कॉजवेचा पूल ५६ फुटांचाच, म्हणजे मास्टची उंचीही आत्ताच ठरवायची.

वेगाचा हिशोब, जो यार्डात कुणी स्वतःहून करून दाखवत नाही

डिस्प्लेसमेंट हल पाण्याला ढकलत जातो, त्याला स्वतःच्या लाटेवर चढता येत नाही, म्हणून त्याच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. ढोबळ सूत्र आहे, वॉटरलाइनची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. आपल्या बोटीची वॉटरलाइन ३७ मीटर म्हणजे १२१ फूट, वर्गमूळ ११, उत्तर साधारण पावणेपंधरा नॉट. याच्या जवळ जाऊ लागलात की लागणारी ताकद भिंतीसारखी उभी चढते. त्याच्या बऱ्याच खाली असताना ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० वरून १२ नॉटला जाताना वेग २० टक्के वाढला पण ताकद ७० टक्क्यांच्या वर वाढली.

आता डिझेल. चांगलं मरीन डिझेल इंजिन एका किलोवॉट-तासाला साधारण पाव लिटर खातं. अशा बोटीला १२ नॉटला दोन्ही इंजिनं मिळून ५५० किलोवॉट लागतात असं धरा, ते झाले तासाला १४० लिटर, वर जनरेटरचे २०, मिळून १६०. मैलाला १३ लिटरच्या आसपास, ४,००० मैलांना ५३,००० लिटर, आणि वर दहा टक्के राखीव. हीच बोट १० नॉटला चालवली तर मैलाला १० लिटर, ४०,००० मध्ये काम झालं. आणि १५ नॉटला ढकलली तर १,५०० किलोवॉटच्या वर लागतील, मैलाला २६-२७ लिटर, म्हणजे तोच पल्ला गाठायला लाखाच्या वर लिटर. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या हलचे खरे आकडे टँक टेस्टमधून (हौदात मॉडेल ओढून केलेली चाचणी) येतील, पण प्रमाण असंच निघतं.

म्हणजे शेवटच्या तीन नॉटसाठी इंजिनं दुप्पट-तिप्पट मोठी, टाक्या मोठ्या, एक्झॉस्टचे पाइप जाड, इंजिनरूमला हवा जास्त, ती हवा आणायला डक्ट मोठे, आणि हे सगळं कुठून येतं तर तुमच्या केबिनच्या जागेतून. मी तरी ४० मीटरला क्रूझिंग १२ आणि टॉप १४-१५ च्या वर जायला कुणाला सांगत नाही.

कुणाला खरंच वेग हवाच असेल तर मधला रस्ता आहे. व्हॅन ओसानेन या डच नेव्हल आर्किटेक्ट मंडळींनी फास्ट डिस्प्लेसमेंट हल फॉर्म काढला, जो हळू चालतानाही कमी खातो आणि वर गेल्यावरही भिंतीला धडकत नाही, हीसन यार्डाने २०१३ मध्ये ६५ मीटरची गॅलॅक्टिका स्टार त्यावर अ‍ॅल्युमिनियममध्ये बांधली. त्याच मंडळींचा हल व्हेन, म्हणजे स्टर्नखाली (मागच्या टोकाखाली) पाण्यात बसवलेला आडवा पंख, २०१४ च्या अलाइव्ह या ४२ मीटर बोटीला बसवला. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्यांचा फायदा ठरावीक वेगाच्या पट्ट्यात मिळतो, तुमच्या कागदावर १० नॉट लिहिलं असेल तर त्यासाठी पैसे टाकू नका. बल्बस बोचंही (पुढच्या टोकाखालचा गोल फुगवटा) तेच, तो एका वेगाजवळ मदत करतो, इतर वेळी फारसा नाही, आणि नांगरावर छोट्या लाटा त्यावर आपटून पुढच्या केबिनमध्ये क्रूची झोप उडवतात.

टँक टेस्टवर काटकसर करू नका. हॉलंडमध्ये वाखेनिंगनला मारिन ही १९३२ पासूनची संस्था आहे, इंग्लंडात साउदॅम्प्टनला वुल्फसन युनिट आहे, तिथे मॉडेल ओढून बघतात. आजकाल कॉम्प्युटरवर पाण्याचा प्रवाह काढतात आणि ते आकडेही चांगले येतात, पण नवीन हल असेल तर समोरून आणि मागून येणाऱ्या लाटांत मॉडेल कसं वागतं ते बघायलाच हवं, नुसतं शांत पाण्यातलं नाही.

२४ आणि ५००, हे दोन आकडे

बोटीच्या नियमांत ज्याने त्याने २४ मीटर म्हटलेलं असतं पण प्रत्येक ठिकाणी मोजायची पद्धत वेगळी. युरोपच्या सीई नियमांत २४ मीटर म्हणजे हलची लांबी, आणि लार्ज यॉट कोडमध्ये २४ मीटर म्हणजे लोडलाइन लांबी, जी टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा कमी भरते, म्हणून २६-२७ मीटरची बोटसुद्धा कधी कधी कोडच्या खाली राहते. छोटी बोट बांधत असाल तर नेव्हल आर्किटेक्टला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. सध्या कमर्शियल यॉटसाठी ब्रिटिश छत्राखालच्या झेंड्यांचा रेड एन्साइन ग्रुप यॉट कोड १ जानेवारी २०१९ पासून लागू आहे, त्यात १२ पाहुण्यांपर्यंत एक भाग आणि १३ ते ३६ साठी वेगळा, खूप कडक. बहुतेकांनी १२ वरच थांबावं.

दुसरा आकडा ५०० जीटी. जीटी म्हणजे वजन नाही, बंद जागेचं घनफळ. ५०० च्या वर कमर्शियल बोट गेली की सोलास, आयएसएम, आयएसपीएस हे जहाजांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम सगळे जास्त जोराने लागतात, कॅप्टनचं सर्टिफिकेट वरचं लागतं, आगीची बंदिस्ती वाढते, आणि दरवर्षीचा खर्च चढतो. म्हणून बाजारात ४९९ जीटीच्या बोटी एवढ्या दिसतात. पण ४९९ गाठताना फसायचं नाही, बंद जागा मोजली जाते, उघडी मोजली जात नाही, तेव्हा सावलीतले उघडे डेक मोठे ठेवा, उष्ण प्रदेशात माणसं तिथेच बसतात, आणि आत एक सलून कमी केलं तरी चालतं. चार जीटी वाचवायला इंजिनरूमची उंची कमी करणारे ड्रॉइंग आलं तर मात्र परत पाठवा.

४०० जीटीलाही एक रेघ आहे, मारपोल या जहाज-प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेल आणि हवा प्रदूषणाच्या सर्टिफिकेटची. आणि नॉक्सचा (एक्झॉस्टमधल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) टिअर थ्री नियम, जो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला २०१६ पासून आणि बाल्टिक-उत्तर समुद्राला २०२१ पासून लागू झाला, ५०० जीटीच्या आतल्या यॉटना २०२१ पर्यंत सूट होती ती संपली. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये धूर शुद्ध करणारं युरियाचं एससीआर युनिट बसतं, ते कपाटाएवढं असतं, वर युरियाची टाकी. नियम १३० किलोवॉटच्या वरच्या इंजिनांना लागतो आणि जनरेटरही त्यातच येतो, म्हणून शहाणे डिझायनर जनरेटर १३० च्या खालीच ठेवतात. मेन इंजिनं छोटी निवडली तर एससीआरही छोटं, वेग कमी मागण्याचा हा अजून एक फायदा.

कशाची बांधायची

स्टील जड आहे पण सोसतं, खडकावर टेकलं तर आधी पोचा पडतो, आणि जगात कुठल्याही बंदरात वेल्डर मिळतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५, जाडी वाढवावी लागते तरी शेवटी बांधणी बरीच हलकी होते, म्हणून वेगवान बोटी आणि वरचे डेक त्याचे. फायबर छोट्या बोटींना छान, साचा असला तर, पण एकाच कस्टम बोटीसाठी साचा करायचा म्हणजे खर्च दोनदा. लांब पल्ल्याच्या ४० मीटरला स्टीलचा हल आणि अ‍ॅल्युमिनियमची सुपरस्ट्रक्चर हीच जोडी मला पटते, वजन खाली राहतं, गुरुत्वमध्य खाली राहतो.

या दोन धातूंना थेट वेल्ड करता येत नाही, मध्ये स्फोटाच्या दाबाने एकमेकांवर चिकटवलेली स्टील-अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घालतात, एका बाजूला स्टील वेल्ड होतं दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम. ती पट्टी कुठल्या उंचीला येते आणि तिथे पाणी साठणार नाही ना, हे ड्रॉइंगमध्ये बघा. खारं पाणी तिथे साचून राहिलं की पेंट फुगायला सुरुवात तिथूनच. अ‍ॅल्युमिनियम आगीत लवकर गळपटतं, त्यामुळे इंजिनरूमच्या वर आणि एस्केपच्या वाटेवर इन्सुलेशन जास्त लागतं, त्याची जाडी आतल्या छताची उंची खाते, ही उंची इंटिरियर डिझायनरला सुरुवातीलाच कळवा.

रंग गडद निळा किंवा काळा सुंदर दिसतो, मान्य आहे, पण आपल्या उन्हात प्लेट भयंकर तापते, एसीचा लोड वाढतो आणि फिलरमधली (रंगाखालच्या भरावातली) प्रत्येक लाट डोळ्यांना दिसते. डेकला साग हवा असेल तर लाकडाचे कागद मागा. म्यानमारच्या सागावरून युरोपात मोठी अडचण आहे, तिथल्या सरकारी टिंबर कंपनीवर युरोपियन युनियनने जून २०२१ मध्ये निर्बंध घातले, त्यामुळे लागवडीचा साग किंवा दुसरं लाकूड घ्या, नाहीतर पुढे बोट विकताना कागदांची विचारणा झाली की अडकाल.

बोट लागू नये म्हणून

रोलिंगवर जे पैसे घालाल ते सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, कारण एकदा पाहुण्यांना बोट लागली की पुढच्या ट्रिपला कुणी येत नाही आणि बोट मरीनात पडून राहते. पहिलं म्हणजे हलची स्थिरता योग्य असणं. जीएम, म्हणजे बोट परत सरळ होण्याच्या जोराचं माप, फार मोठा ठेवला तर बोट सुरक्षित असते पण झटके देत सरळ होते, आणि त्या झटक्यांनीच पोटात ढवळतं. नेव्हल आर्किटेक्टला रोलचा कालावधी किती सेकंद आहे ते विचारा, नुसता जीएम नको.

दुसरं म्हणजे स्टॅबिलायझर. फिन, म्हणजे हलच्या बाजूंना पाण्यात हलणारे पंख, चालू बोटीला उत्तम, आणि झिरो स्पीडचे फिन नांगरावरही पंखासारखे हलून बोट धरतात, पण त्यासाठी फिन मोठे लागतात आणि मोठे फिन चालताना ओढ वाढवतात. इलेक्ट्रिक घ्या, हायड्रॉलिकचा रात्रीचा आवाज केबिनपर्यंत येतो. जायरो (वेगाने फिरणारं जड चाक) हलच्या आत बसतो, बाहेर काही नाही, जाळी अडकत नाही, पण फिरून पूर्ण वेगाला यायला बराच वेळ घेतो, उष्णता काढतो आणि ४० मीटर स्टीलच्या बोटीला एकाने भागत नाही. तिसरा प्रकार फिरत्या सिलिंडरचा, मॅग्नस परिणामावर (फिरणाऱ्या वस्तूला वाहत्या पाण्यात आडवा जोर मिळतो) चालणारा, हळू वेगाला जोरदार आणि आत घेता येतो. कोकण किनाऱ्याला मासेमारीची जाळी आणि दोर सगळीकडे असतात, तिथे बाहेर आलेला फिन अडकण्याची भीती खरी आहे, अशा ठिकाणी जास्त राहणाऱ्यांनी आत घेता येणाऱ्या प्रकाराचा विचार करावा. आपल्या उदाहरणातल्या बोटीला मी झिरो स्पीड इलेक्ट्रिक फिन आणि जोडीला बिल्ज कील (हलच्या बाजूंच्या स्थिर पट्ट्या) घेईन, बिल्ज कील स्वस्त असतात आणि वीज गेली तरी काम करतात.

आवाज

शांतता नंतर विकत घेता येत नाही, ती बोट बांधतानाच घालावी लागते. कॉन्ट्रॅक्टमध्ये "शांत बोट" असं लिहून काही मिळत नाही, आकडे लिहा, जागेसकट आणि परिस्थितीसकट. मालकाच्या केबिनमध्ये नांगरावर एक जनरेटर आणि एसी चालू असताना ४५ डेसिबल, १२ नॉटला चालताना ५० च्या आसपास, सलूनमध्ये अमुक, ब्रिजवर अमुक. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणून दोन-तीन डेसिबलसाठी भांडलात तरी ते भांडण योग्यच आहे.

काम कुठे होतं ते सांगतो. इंजिन आणि जनरेटर रबरी माउंटवर, जनरेटर तर दुहेरी माउंटवर आणि वर साउंड बॉक्स. माउंटखालचं फाउंडेशन कडक पाहिजे, फाउंडेशनच लवचीक असेल तर माउंट काही करत नाही. केबिनची फरशी तरंगती, भिंती आणि छत स्टीलला थेट न टेकता रबरावर. पाइपला लवचीक जोड आणि क्लॅम्पमध्ये रबर, हे एक राहिलं की पाण्याच्या पंपाची घरघर तीन केबिन पलीकडे ऐकू येते. प्रोपेलरच्या टोकापासून हलपर्यंत अंतर प्रोपेलरच्या व्यासाच्या निदान १५-२० टक्के ठेवायचं, आणि प्रोपेलर मोठा, हळू फिरणारा, पाच पात्यांचा. छोटा आणि जोरात फिरणारा प्रोपेलर पाण्यात फेस करतो आणि मागची केबिन थरथरते. केबिनचा क्रमसुद्धा आवाजावरून लावा, इंजिनरूम आणि पाहुण्यांच्या केबिन यांच्यामध्ये टाक्या, लॉन्ड्री, स्टोअर अशी पट्टी ठेवली तर अर्धं काम तिथेच होतं.

इंजिनरूम आणि वीज

दोन इंजिनं, दोन शाफ्ट, ही साधी मांडणी लांब पल्ल्याला अजूनही माझ्या पसंतीची आहे. पॉड (हलखाली वळणारी प्रोपेलरची युनिटं) आखूड बोटींना छान, बंदरात वळायला सोपे, पण दूरच्या ठिकाणी दुरुस्ती अवघड. डिझेल-इलेक्ट्रिकचं आकर्षण समजतं, फेडशिपच्या ८३ मीटर सव्हाना या बोटीने २०१५ मध्ये हायब्रिड मोठ्या यॉटमध्ये आणून दाखवलं, पण विजेत रूपांतर करताना आठ-दहा टक्के ताकद वाया जाते, आणि फायदा तेव्हाच होतो जेव्हा बोटीचा लोड दिवसभर खूप वर-खाली होतो. ४० मीटरला मी म्हणेन साधे शाफ्ट, आणि जनरेटरच्या जोडीला बॅटरीची बँक.

ती बॅटरी कशासाठी तर रात्रीसाठी. डिझेल जनरेटर ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवला की नीट तापत नाही, न जळलेलं डिझेल एक्झॉस्टला लागतं, सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल खायला लागतो. दिवसा गॅली (स्वयंपाकघर), एसी, लॉन्ड्री मिळून ८० किलोवॉट आणि रात्री ३०, अशा बोटीला दोन सारखे मोठे जनरेटर देऊ नका. दोन मध्यम आणि एक छोटा रात्रीचा, किंवा दोन आणि बॅटरी. लिथियम घेताना रसायन विचारा, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जड असते पण जास्त सुरक्षित, आणि खोली वेगळी, तिचं व्हेंटिलेशन बाहेर, क्लासच्या नियमाप्रमाणे. किनाऱ्याच्या विजेसाठी फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर घ्या, युरोप आणि भारतात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०, आणि कन्व्हर्टरमुळे किनाऱ्याच्या अर्थिंगपासून बोट वेगळीही राहते, ज्याने हलची गंज वाचते.

इंजिनरूमचं ड्रॉइंग आलं की एक काम करा, प्रत्येक मशीनवर बोट ठेवून विचारा, हे बाहेर कसं काढणार. फिल्टर बदलायला हात जातो का, समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर उभ्याने उघडता येतो का, जनरेटर आख्खा काढायचा झाला तर डेकला बोल्टचं झाकण आहे का का सलूनची फरशी फोडावी लागणार. इंजिनरूममध्ये पूर्ण उंचीने उभं राहता आलं पाहिजे. तीस वर्षं ही बोट कुणीतरी सांभाळणार आहे, आणि जिथे हात जात नाही तिथली देखभाल होत नाही, कितीही चांगला इंजिनियर ठेवा. डिझेलसाठी सेंट्रिफ्यूज सेपरेटर आणि स्वच्छ डे टँक (इंजिनाला थेट डिझेल देणारी छोटी टाकी) घ्याच, सगळीकडचं डिझेल सारखं नसतं. सी-चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारा कप्पा) दोन, दोन्ही बाजूंना, मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे एक प्लास्टिकच्या पिशवीने किंवा चिखलाने भरला तरी बोट चालू राहते, मुंबई बंदराचं गढूळ पाणी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी आणि मैला थोडक्यात: वॉटरमेकर दोन, कारण एक बंद पडतोच, आणि बंदरातल्या घाण पाण्यात चालवता येत नाही म्हणून गोड्या पाण्याची टाकी आठवडा पुरेल एवढी. व्हॅक्यूम टॉयलेट, पाणी फार कमी लागतं. टाक्यांचे व्हेंट लोक बसतात त्या डेकजवळ उघडू देऊ नका.

वजन, क्रू, टेंडर

बोट बांधताना वजन फक्त वाढतं. वेट रिपोर्ट दर महिन्याला मागा, मार्जिनसकट, उंचीसकट. वरच्या डेकची जाकुझी म्हणजे एक घनमीटर पाण्याला एक टन, आणि तो टन सगळ्यात उंच जागी, शिवाय पाणी हलतं. बाथरूमचा संगमरवर अखंड लादी न घेता पाच-सहा मिलिमीटरचा पातळ, मागे हनीकोंब लावलेला घ्या, दिसायला फरक नाही. हे लहान लहान टन शेवटी ड्राफ्ट, वेग आणि पल्ला तिन्ही खातात.

क्रू आठ-नऊ जण लागतील. त्यांची केबिन, जेवायची जागा, लॉन्ड्री हे कापून पाहुण्यांची जागा वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका, चांगला क्रू टिकत नाही, आणि २०१३ पासून लागू असलेल्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमुळे कमर्शियल बोटीला केबिनचे आकार ठरलेलेच आहेत. गॅलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत क्रूला पाहुण्यांमधून न जाता पोचता आलं पाहिजे. टेंडर मागच्या गॅरेजमध्ये की पुढच्या डेकवर, तर ४९९ जीटीमध्ये मी पुढच्या डेकवर क्रेनसकट ठेवेन, मागची जागा समुद्राजवळ बसायला मोकळी मिळते आणि हलला मोठं दार एक कमी.

करार आणि ट्रायल

तुमच्या बाजूला चार माणसं पाहिजेत, यार्डाशी नातं नसलेला नेव्हल आर्किटेक्ट, प्रोजेक्ट मॅनेजर जो यार्डात रोज जाईल, मेरिटाइम वकील, आणि होणारा कॅप्टन किंवा चीफ इंजिनियर, तो जितक्या लवकर येईल तितकं बरं. क्लास, म्हणजे बोट तपासून प्रमाणित करणारी संस्था, लॉइड्स, रिना, ब्यूरो व्हेरिटास, एबीएस, डीएनव्ही यांतली कुठलीही घ्या, पण क्लासचा सर्व्हेयर सुरक्षितता बघतो, तुमचा आराम बघत नाही, तो तुम्हालाच बघायचाय.

पैसे हप्त्यांनी जातात, सही, कील (तळाचा कणा) बसवणं, हल आणि सुपरस्ट्रक्चर जोडणी, पाण्यात उतरवणं, ताबा. प्रत्येक हप्त्याला बँकेची रिफंड गॅरंटी मागा, नाहीतर मध्येच यार्ड बुडालं तर अर्धवट बोट आणि तुम्ही दोघेही कोर्टात. वेग, पल्ला, आवाज, ड्राफ्ट यांचे आकडे आणि चुकले तर किती रक्कम कापायची, आणि किती चुकलं तर बोट नाकारायची, हे लिहिलेलं पाहिजे. प्रत्येक बदलाची किंमत, वजन आणि तारखेवरचा परिणाम तिन्ही लेखी आल्याशिवाय हो म्हणू नका. लेआउट कधी गोठणार, इंटिरियर कधी गोठणार याच्या तारखा सहीच्या दिवशीच ठरवा. कस्टम ४० मीटरला तीन वर्षं धरून चाला.

सी ट्रायलला स्वतः जा. डच बोटींची ट्रायल उत्तर समुद्रात होते, तिथे लाटा मिळतात, ते चांगलंच. वेग दोन्ही दिशांनी मोजायचा, प्रवाहाचा फरक जावा म्हणून, टाक्या करारात लिहिल्याएवढ्या भरून. आवाज आणि कंपनं मोजताना एसी चालू, दारं बंद, आणि मोजणारा माणूस यार्डाचा नको. ब्लॅकआउट करून बघा, दुसरा जनरेटर किती सेकंदात येतो. क्रॅश स्टॉप (पूर्ण वेगातून एकदम थांबणं), पूर्ण वेगात पूर्ण सुकाणू, नांगर टाकणं-उचलणं, सगळे पंप, सगळे अलार्म. शक्य झालं तर एक रात्र बोटीवरच झोपा, नांगरावर, आणि पहाटे तीनला उठून प्रत्येक केबिनमध्ये पाच मिनिटं बसा, जे ऐकू येईल ते लिहून घ्या.

ताबा घेतल्यावर वॉरंटी सहसा १२ महिन्यांची असते. पहिलं वर्ष बोट मुद्दाम भरपूर वापरा, एक लांब टप्पा करा, एक गरम पाण्यातला महिना काढा, आणि वॉरंटी संपायच्या आधी महिना-दीड महिना बोट सुक्या गोदीत काढून पेंट, शाफ्टचे सील, फिन, अ‍ॅनोड, स्फोट-जोडाची ती पट्टी सगळं बघा. सापडलेल्या गोष्टींची यादी फोटो आणि तारखेसकट यार्डाला लेखी पाठवा, आणि त्यांची पोच आल्याशिवाय बोट पाण्यात उतरवू नका.